दोन कार्डं, एक टाचणी

६ जानेवारी, सोमवार

संस्थेत आज तीन महिने पूर्ण झाले. निवृत्तीनंतरची आठ वर्षं घरातली घड्याळं वेळेवर लावण्यात घालवली, त्यामुळे धायरीच्या या दोन खोल्यांत आपण इतके रमू असं वाटलं नव्हतं. काम सांगायला सोपं आहे. पानशेतच्या पलीकडे डोंगरात चौदा वाड्या आहेत, तिथून आरोग्य केंद्र गाठायला तीन-तीन तास चालावं लागतं. डॉक्टर कादंबरी शेंड्यांनी प्रत्येक आशाताईला रक्तदाब मोजायचं यंत्र दिलं आहे. आशाताई दर आठवड्याला गरोदर बायकांचं माप घेते, रेंज मिळेल त्या टेकाडावर चढते आणि आम्हाला फोनवर सांगते. आम्ही ते त्या बाईच्या कार्डावर चढवतो. माप वर गेलं की डॉक्टरांना कळवायचं, मग आमची जीप निघते.

फोन आणि संगणक अपेक्षाकडे. ही वर्ध्याकडची मुलगी, हिंजवडीत दोन वर्षं नोकरी करून कंटाळली आणि इथे आली. कार्डं माझ्याकडे. मी आलो तेव्हा त्यांची अवस्था बघवत नव्हती. तीन पानी फॉर्म आणि निम्मे रकाने कोरे. चौतीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयाचा अभिलेख विभाग सांभाळला, एक कागद हरवला नाही. आजपासून माझा एकपानी फॉर्म लागू झाला. त्यासाठी नऊ रकाने उडवावे लागले. घराचं छप्पर कसलं, शेळ्या किती, माहेरचा पत्ता काय. सासरचा पत्ता आहे, फोन नंबर आहे, मग माहेर हवंय कशाला? डॉक्टर घाईत होत्या, त्यांनी उभ्याउभ्याच सही केली.

पद्धतही ठरवून दिली. नवं नाव पेन्सिलीनं लिहायचं. खात्री पटली की शाईनं.

९ जानेवारी, गुरुवार

गेल्या पंधरा दिवसांत जीप पाचदा डोंगरात गेली आणि त्यातल्या तीन खेपांना काहीही निघालं नाही. बाई चढ चढून येते, ताई तिला बसू न देता पट्टा बांधते, आकडा चढणारच. एकीला तर स्वेटरवरून पट्टा बांधला होता. जीप एक, तिचा ड्रायव्हर जयसिंगही एकच. तो दर वेळी कमरेला हात लावून खाली उतरतो आणि माझ्याकडे असं बघतो, जणू रस्ता मीच केलाय.

म्हणून मी दोन नियम लिहून दिले. एकाच कार्डावर लागोपाठ दोन मापं वर आली तरच लाल खूण आणि जीप. एकच वर असेल तर निळा ठिपका द्यायचा आणि पुढच्या मापाची वाट बघायची. दुसरा नियम, लागोपाठ दोन आठवडे माप आलं नाही तर कार्ड बंद.

डॉक्टरांनी पहिला नियम दोनदा वाचला. "या दुखण्यात एक आठवडा म्हणजे पुष्कळ असतो, खांबेटे," म्हणाल्या. मी जीपच्या खेपांचा कागद पुढे केला. त्यांनी सही केली. त्यांना वाद घालायला वेळ नसतो, हा माझा फायदा.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळी मंडईत. हेमाला उद्याच्या संक्रांतीसाठी सुगडी, बोरं, हरभऱ्याचे घाटे आणि ऊस हवा होता, आणि सगळं एकाच गाळ्यावर मिळणार नाही याची तिनं यादीतच काळजी घेतली होती.

संस्थेत पोचलो तर कुरणवाडीच्या दीपमालाताईंचा फोन चालू होता. आनंदी माऊली ढेबे, वय एकोणीस, पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. माप १४८ वर ९६. पहिलंच वाढीव माप, म्हणून निळा ठिपका. पुढच्या सोमवारी बघू.

जेवताना हे सहज हेमाला सांगितलं. एरवी ती माझ्या कार्डांत रस घेत नाही. आज तिनं भाकरी तव्यावरच ठेवली आणि विचारलं, "पायावर सूज आहे का तिच्या?" मी म्हटलं, तसा रकाना नाही. तिनं भाकरी जाळली. तिला यातलं काय कळतंय कोण जाणे. आमच्या मुलाच्या, आमोदच्या वेळी तर सगळं सुरळीत झालं होतं. त्याच्या आधीचं एक राहिलं नव्हतं, पण तो फार जुना विषय आहे आणि आमच्या घरी तो निघत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मेव्हण्याचा भोरहून फोन आला. "कुंदा आहे का?" बेचाळीस वर्षं हा मनुष्य माझ्याच घरी फोन करून कुंदाला बोलावतो. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "हेमा आहे, देतो." लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं मी स्वतः लिहिलेलं नाव आहे ते. तेच का सुचलं ते आता आठवत नाही. कुंदा हे नाव काही वाईट नव्हतं.

२० जानेवारी, सोमवार

आनंदी ढेबेचं माप आलं नाही. दीपमालाताई म्हणाल्या, "ती म्हायेरला गेली की. भाऊ न्यायला आला हुता. पहिलं बाळातपन हाय, तिकडंच व्हनार." हे रीतसर झालं. तिचा फोन लावून बघ, असं अपेक्षाला सांगितलं. वाजतो, कोणी उचलत नाही.

घरी हेमानं त्या मुलीबद्दल विचारलं. माहेरी गेली म्हटल्यावर ती गॅस बंद करून खुर्चीवर बसली. तिची गुडघेदुखी परत सुरू झालेली दिसते.

२२ जानेवारी, बुधवार

धरणाच्या दुसऱ्या अंगाला आंबेटेप नावाची वाडी आहे. तिथल्या भाग्यश्रीताई नव्यानं लागल्या आहेत. त्यांची पहिलीच यादी आली आणि मन प्रसन्न झालं. आधारकार्ड समोर ठेवून एकेक अक्षर उतरवून घेतलेलं, खाडाखोड नाही. चार नवी नावं. त्यातल्या एकीचं माप बरंच वर आहे. मुक्ता कोंडीराम मरगळे, वय एकोणीस, १५६ वर १०४. नवं कार्ड, पहिलं माप, म्हणून निळा ठिपका. आधारवरून घेतलेलं असल्यामुळे ही नावं मी थेट शाईनं लिहिली.

२७ जानेवारी, सोमवार

उद्या देणगीदार कंपनीची माणसं काम बघायला येणार आहेत. दिवसभर कार्डं आवरली. आनंदी ढेबेचं माप सलग दुसऱ्या आठवड्यात नाही. नियमाप्रमाणे कार्ड बंद केलं, शेरा लिहिला, "माहेरी गेली". अशी एकूण सहा कार्डं बंद झाली. फळ्यावर अपेक्षानं लिहिलं, प्रलंबित शून्य.

२८ जानेवारी, मंगळवार

पाहुणे खूश. त्यातल्या एकानं फळ्यासमोर उभं राहून माझ्याबरोबर फोटो काढला. डॉक्टर दवाखान्यात अडकल्यामुळे आल्या नाहीत. बरं झालं. त्या असल्या की लोकांना अडचणीच सांगत बसतात.

३० जानेवारी, गुरुवार

आजचं आजच लिहायला हवं.

डॉक्टर साडेअकराला आल्या आणि पर्स खांद्यावरून न उतरवताच म्हणाल्या, "कुरणवाडीची ती एकोणीस वर्षांची. दुसरं माप काय आलं?" मी बंद कार्डांच्या खणातून तिचं कार्ड काढून दिलं. त्यांनी शेरा वाचला.

"माहेर कुठलं?"

मी कार्ड उलटून पाहिलं. मागची बाजू कोरीच असते, ती मीच कोरी ठेवली आहे, तरी उलटून पाहिलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि मला समजावून सांगितलं, अगदी शांतपणे. पहिली खेप, सातव्या महिन्यात वाढलेला दाब. असा दाब पंधरा-पंधरा दिवस तसाच राहतो, नाहीतर दोन दिवसांत भडकतो. डोकं दुखायला लागतं, डोळ्यांपुढे चमकतं, मग झटके येतात. झटके आले की आई आणि मूल दोघंही जाऊ शकतात. त्या आधी तिला गाठायचं एवढ्यासाठी आपण इथे बसलोय. "आणि आत्ता ती कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही," त्या म्हणाल्या.

दिवसभर फोन. आनंदीच्या कार्डावरचा नंबर अपेक्षानं चाळीसेक वेळा लावला. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "काका, रिंग जाऊन राहिली, पण कोणी उचलूनच नाही राहिलं." दीपमालाताई तीन वाजता सापडल्या. तो नंबर आनंदीचा नाहीच. तिच्याकडे फोनच नाही. नंबर तिच्या नवऱ्याचा, माऊलीचा. तो हिंजवडीत घुमटाच्या इमारतीच्या फाटकावर रखवालदार आहे. मी इतके दिवस ज्या नंबराला आनंदीचा फोन समजत होतो, तो तिच्यापासून दोन तालुके लांब वाजत होता.

माहेरचं गाव दीपमालाताईंना ठाऊक नव्हतं. धरणापल्याड एवढंच माहीत. सासू शेळ्या घेऊन रानात असते, उद्या पहाटे निघून तिला तिथेच गाठते म्हणाल्या. दोन तास चढ आहे.

घरी येऊन हेमाला सगळं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "माहेरी तिचं नाव काय?"

मी म्हटलं, नाव काय म्हणजे? आनंदी.

"ते सासरचं झालं. माहेरी कोण आनंदी म्हणणार तिला?"

मी म्हटलं, हल्ली कोणी नावं बदलत नाही. तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. मग म्हणाली, "अहो, तुम्ही मला सांगताय हे?"

मनात दुसऱ्या कुठल्या तरी कार्डाची चाळवाचाळव झाली, पण कुठलं ते आठवेना. आयुष्यात पहिल्यांदा एक कागद आठवेना.

३१ जानेवारी, शुक्रवार

हे तुकड्यातुकड्यांनी लिहितोय, सध्या दवाखान्याच्या बाकावर बसून.

सकाळी आठला अपेक्षाच्या स्कूटरवर मागे बसून हिंजवडीला निघालो. अडुसष्टाव्या वर्षी हेल्मेट घालून. घुमटाची इमारत तिला माहीत होती, तिची जुनी कंपनी तिथेच होती. वाकडच्या पुढे कंपन्यांच्या बसगाड्यांनी रस्ता पार बंद केला होता. चाळीस मिनिटं आम्ही एका बसच्या मागे धूर खात उभे होतो आणि मी मनातल्या मनात त्या मुलीचे आठवडे मोजत होतो.

फाटकावर निळ्या गणवेशात एक किडकिडीत पोरगेलासा माणूस. छातीवर नाव, माऊली ढेबे. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं नोंदवही पुढे सरकवली.

"आधी नोंद करा साहेब."

मी म्हटलं, माझं काम तुमच्याशीच आहे.

"तरीबी नोंद लागती. सुपरवायझर बघतोय."

नाव, कुठून आलात, कोणाला भेटायचं, कशासाठी, गाडीचा नंबर. माझ्यासारख्यानं आखली असावी अशी वही. मी पाचही रकाने भरले. 'कोणाला भेटायचं' यात त्याचंच नाव लिहिलं. ते वाचल्यावर त्याचा चेहरा बदलला.

ड्युटीवर फोन पेटीत जमा करावा लागतो आणि अनोळखी नंबर तो उचलत नाही, एकदा फसवणूक झाली होती म्हणाला. बायको माहेरी आहे, बरी आहे. परवा तिनं भावाच्या फोनवरून टेकडीवर जाऊन फोन केला होता. "डोळ्याम्होरं काजवं चमकत्यात म्हनली. म्या म्हनलं, झोप नीट घेत नसशील." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माझ्या तोंडावर काय दिसलं असेल ते मला माहीत आहे.

"माहेर कुठलं?" मी विचारलं.

"आंबेटेप."

"माहेरचं नाव?"

"मुक्ता. कोंडीराम मरगळ्याची मुक्ता."

कार्ड मला डोळ्यांपुढे दिसलं. माझं अक्षर, माझी शाई. १५६ वर १०४. दुसऱ्या मापाची वाट.

म्हणजे ती हरवलेली नव्हतीच. दोन्ही वाड्यांत ताईंनी तिचं माप घेतलं होतं, दोन्ही वेळा ते वर निघालं होतं, दोन्ही वेळा ते आमच्यापर्यंत आलं होतं. सासूनं सांगितलेल्या नावाचं एक कार्ड आणि आधारवरच्या नावाचं दुसरं. एकावर एक निळा ठिपका, दुसऱ्यावर एक निळा ठिपका. एकाच कार्डावर असते तर बावीस तारखेलाच लाल खूण झाली असती आणि जीप निघाली असती. नऊ दिवस झाले. ते नऊ दिवस मी खाल्ले.

अपेक्षानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. भाग्यश्रीताई प्रशिक्षणाला गेलेल्या, म्हणून या बुधवारचं माप झालंच नव्हतं. जयसिंग सुदैवानं पानशेतला होता. डॉक्टर त्याला एवढंच म्हणाल्या, आंबेटेपचा चढ पायी चढावा लागला तर चढ, पण तिला चालवू नकोस. माऊलीनं सुपरवायझरला न विचारता गणवेशावरच रिक्षा पकडली.

मी आणि अपेक्षा धायरीला परतलो. मी दोन्ही कार्डं काढली आणि एकावर एक ठेवून टाचणी मारली. एवढं एकच काम माझ्या हातात उरलं होतं.

सव्वा वाजता जयसिंगचा फोन. चौघांनी घोंगडीत घालून खाली आणली, माप १७० वर ११८. आरोग्य केंद्रात पहिलं इंजेक्शन दिलं. पावणेतीनला पुन्हा फोन. खडकवासल्याजवळ तिला झटका आला. एक. थांबला. मागं तिची आई आहे, ती मोठमोठ्यानं मुक्ता, मुक्ता म्हणून हाका मारतेय, एवढंच मला फोनवर ऐकू येत होतं.

सिंहगड रस्ता तुंबलेला. मी धायरी फाट्यावर रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन्ही हात वर करून गाड्या थांबवल्या, लोकांनी शिव्या दिल्या. जन्मात कधी रांग मोडली नव्हती. जीप अंगावर आल्यासारखी आली, जयसिंगनं वेग फक्त कमी केला आणि मी खिडकीतून कार्डं आत दिली. तेवढ्यात मागच्या सीटवर ती दिसली. पाय सुजून मांडीएवढे झालेले, पायातलं जोडवं बोटात रुतलेलं. तोंडात कुणीतरी पदराचा बोळा धरला होता.

सूज आहे का, असं हेमानं मला अठरा दिवसांपूर्वी विचारलं होतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल संध्याकाळी शस्त्रक्रिया करून मूल काढलं. मुलगी. दीड किलोही नाही. काचेच्या पेटीत ठेवली आहे. मुक्ता शुद्धीवर नाही.

भरती करताना खिडकीवरच्या माणसानं टाचणीची दोन कार्डं बघून विचारलं होतं, पेशंट एक की दोन? जयसिंग म्हणाला, "एकच हाय, लवकर लिवा."

डॉक्टर दुपारी बाहेर आल्या. मी राजीनाम्याचा कागद लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला, चार घड्या करून पर्समध्ये टाकला. "नियमावर सही माझी आहे," म्हणाल्या. "तुमच्या एकट्याच्या नावावर हे जमा करून घेऊ नका. सोमवारी या. जरा लवकर या. चौदा वाड्यांची कार्डं परत लावायची आहेत." मी म्हटलं, माझ्याच्यानं आता होणार नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग कोणाच्यानं होईल?"

माऊली काल रात्रीपासून काचेसमोर उभा आहे. त्यानं मला एकदाही दोष दिला नाही. त्याला पुरतं कळलेलंच नाही. मला ते सांगायचं आहे आणि तोंड उघडत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

आज हेमा बोलली.

चहा झाला होता. मी म्हटलं, झटका आला तेव्हा ती काय भोगत असेल. हेमा म्हणाली, "काही कळत नाही तेव्हा. आधी कळतं. डोकं फुटेल असं दुखतं आणि समोरच्या माणसाला अर्धंच तोंड असतं."

मी कप खाली ठेवला.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. ती आठवा लागल्यावर भोरला माहेरी गेली होती. इथल्या डॉक्टरांनी दाब जास्त आहे, मीठ बंद, दर चार दिवसांनी दाखवा, असं लिहून दिलेली फाइल होती. ती फाइल मी कपाटात कुलपात ठेवली होती, महत्त्वाचा कागद म्हणून. भोरच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास? तिच्या आईला काही माहीत नव्हतं आणि तिला स्वतःला बोलता येत नव्हतं. मला ऑफिसात तार मिळाली ती दोन दिवसांनी. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. लोकांनी मला सांगितलं, विषय काढू नका, तिला त्रास होईल. मी काढला नाही. एक्केचाळीस वर्षं.

"तुम्हाला वाटत होतं मी विसरले," ती म्हणाली.

मी तिचे हात धरले. मला रडू आलं, तिच्यासमोर, दिवसाउजेडी. तिनं मला थांबवलं नाही आणि समजूतही घातली नाही. मला ते योग्यच वाटलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रथसप्तमी. सकाळी सातला अपेक्षाचा फोन आला. मुक्तानं डोळे उघडले. धूसर दिसतंय, पण दिसतंय. पोरगी दूध पचवतेय.

हेमानं शेवटच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाण दिलं आणि त्यातलं एक बाजूला काढून ठेवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

ते वाण घेऊन गेलो. हेमा नको म्हणाली यायला, दवाखान्याचा वास सहन होत नाही.

वॉर्डात परिचारिका तिला आनंदी म्हणत होती, कारण वरचं कार्ड सासरचं होतं. तिची आई मुक्ता म्हणत होती. माऊली काहीच म्हणत नव्हता, नुसता 'अगं' करत होता. मी खाट धरून उभा राहिलो आणि ठरवलेलं सगळं बोललो. दोन कार्डांचं, दोन ठिपक्यांचं, नऊ दिवसांचं. माऊली खाली बघत राहिला. तो बाहेर निघून गेला आणि मी असेपर्यंत आत आला नाही. ते त्याचं बरोबर आहे.

मुक्ता मात्र ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला वाटलं, दोनदा यंत्र लावलं, म्हंजे कुनीतरी बघत असंल."

निघताना विचारलं, तुझ्या कार्डावर कुठलं नाव लिहू? ती विचार करायला लागली. आईकडे बघितलं, मग दाराकडे. हे तिला कोणी विचारलं नसावं.

"मुक्ता लिवा," ती म्हणाली. "आनंदीबी असू द्या खाली. न्हाईतर परत सापडायची न्हाई मी."

९ फेब्रुवारी, रविवार

आठवडाभर सकाळी साडेसातला संस्थेत. अपेक्षा फोनवर प्रत्येक ताईला एकच प्रश्न विचारते, ही कोणाची सून आणि कोणाची लेक? काल संध्याकाळपर्यंत अकराजणी दोन-दोन कार्डांवर सापडल्या. त्यांतल्या दोघींची मापं जोडली तर लाल होत होती. जयसिंग दोन्ही वेळा गेला, कमरेला हात न लावता. एक माप वर आलं की आता दुसऱ्या दिवशी परत मोजायचं, आठवडाभर थांबायचं नाही. बंद कार्डांचा खण मी उघडून उलटा केला. फळ्यावरचं शून्य पुसलं.

नवा फॉर्म दोन पानी आहे. सासरचं नाव, माहेरचं नाव, माहेरची वाडी, भावाचा फोन, पायावर सूज, आधीची बाळंतपणं. ताईंना समजावं म्हणून एक नमुना भरून जोडायचा होता. काल्पनिक नाव घालणार होतो. दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलो तर हेमा समोर येऊन बसली. "माझं घाला," म्हणाली.

सासरचं नाव, हेमा श्यामसुंदर खांबेटे. माहेरचं नाव, कुंदा. नमुनाच तर आहे, म्हणून मी पेन्सिल घेतली होती. तिनं ती माझ्या हातातून काढून बाजूला ठेवली आणि माझ्याच खिशातलं पेन काढून दिलं.

आधीची बाळंतपणं या रकान्यात मी आमोदचं साल लिहायला लागलो. तिनं बोट ठेवलं. "ते दुसरं."

मी वर लिहिलं, पहिलं, १९८४, भोर, आठवा महिना, मुलगी. मग हात थांबला. नाव ठेवलं होतं का तिचं, असं मी विचारलं. मला माहीत नव्हतं.

"आईनं कानात सांगितलं होतं तिच्या, नेण्याआधी," हेमा म्हणाली. "बारसं नाही करता येत अशांचं, पण मी आईला म्हटलं, नाव असू दे."

मग तिनं ते मला सांगितलं. इथे लिहीत नाही. तिथे लिहिलं आहे, शाईनं.